हाक मारून उतरायची विहीर आणि तिच्यातली वाइन

मार्च संपता संपता सोलापूरला निघाले, तेव्हा नवऱ्याने मला वेड्यात काढलं. "या दिवसांत सोलापूरची माणसं सोलापूर सोडून पुण्याला येतात," तो म्हणाला. तो मूळचा तिथलाच, तेव्हा त्याला बोलायचा हक्क आहे. पण खरं तर त्याच्याच बहिणीने मला बोलावलं होतं.

सुनंदाताई म्हणजे माझी मोठी नणंद. मंद्रूपच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून आता निवृत्त झाल्या आहेत आणि सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतात. दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत. माझ्या या ब्लॉगला त्या "नीलाचं पिण्याचं खातं" म्हणतात. त्यांचा एके दुपारी फोन आला.

"माझा एक विद्यार्थी वाइन करतो. मल्लिनाथ. घरचीच द्राक्षं आहेत. तुझ्या कामाचं आहे."

"कुठे करतो?"

"विहिरीत."

"विहिरीत म्हणजे कशी?"

"ते तू येऊन बघ. मलाही धड कळलं नाही."

जुन्या वाचकांना माझा स्वभाव माहीत आहे. बसमधून माणसं उतरतात, ओळीने पेले मांडलेले असतात आणि टाय लावलेला मुलगा 'लाकडाचा गंध जाणवतोय का मॅडम' असं विचारतो, तिथे मला गुदमरायला होतं. मला पाटी नसलेली ठिकाणं आवडतात. एखादं घर, त्या घराची सवय, आणि ती सवय जिच्यात उतरली आहे अशी बाटली. विहिरीतली वाइन म्हटल्यावर मी घरात थांबणं शक्य नव्हतं.

पहिला दिवस: डाळिंब आणि मेंढरं

पुणे-सोलापूर रस्ता उत्तम आहे. उजाडायच्या आत निघा, म्हणजे उन्हाच्या आधी निम्मं अंतर कापून होतं. भिगवणला चहा प्या, उजनीच्या पाण्याकडे बघत प्या. मी टेंभुर्णीला हमरस्ता सोडला आणि मंगळवेढ्याकडे वळले, कारण तिथे बिरूदादांकडे जायचं होतं. त्यांच्या डाळिंबाच्या वाइनबद्दल वर्षभर ऐकत होते. तुम्ही हा वळसा घेणार असाल तर टायर बघून घ्या आणि पाणी बरोबर ठेवा. मधे मैलोन्मैल ज्वारीची धसकटं आहेत आणि सावली म्हणाल तर एखादी बाभळ.

बिरूदादांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. डाळिंब त्यांनी लावलं, तेल्या रोगाने अर्धी बाग गेली, आणि डाग पडलेली फळं बाजारात कोणी घेईना म्हणून त्यांच्या बायकोने, सखूताईंनी, त्यांची वाइन करायला घेतली. प्रशिक्षण घेतलं, परवाना काढला. वाइन तुरट, गडद, आणि शेवटी दाणा चावल्यासारखी. मटणाबरोबर प्यायची आहे ती, गारेगार करून नाही.

"पहिल्या साली चोथा आमी मेंढरास्नी घातला," बिरूदादा म्हणाले. "सांजपर्यंत समदा कळप आडवा. मला वाटलं रोग आला. डाक्टर बोलावला, त्यो हसतोय."

"तुमीबी आडवं झाला हुतासा की," सखूताई आतून म्हणाल्या.

जेवताना मी पुढचा बेत सांगितला. मंद्रूपच्या पुढे, मल्लिनाथच्या विहिरीवर. बिरूदादांचा हात भाकरीवर थांबला.

"त्या बाईच्या हिरीवर चाललाय व्हय," ते म्हणाले. "वाइन चांगली हाय. मी पिलोय. पर एक सांगू का ताई. ती बाई खाली वाकून हाक मारंल, तवा तुमी कायबी बोलू नका. गप ऱ्हावा."

"का?"

त्यांनी सखूताईंकडे बघितलं. "दुसऱ्या कुनी ओ दिली तर घोटाळा हुतो," त्या म्हणाल्या, आणि मला आणखी एक भाकरी वाढली. संध्याकाळी सुनंदाताईंकडे पोहोचले, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर डाळिंबाच्या सहा बाटल्या खुळखुळत होत्या आणि माझ्या डोक्यात ते वाक्य.

"अंधश्रद्धा," ताई म्हणाल्या. "जेव आता."

दुसरा दिवस: विहीर

सकाळी आम्ही निघालो तेव्हा एमआयडीसीकडे जाणाऱ्या सायकली आणि मोटारसायकलींनी रस्ता भरला होता. यंत्रमागांचा खडखडाट गाडीच्या काचा वर केल्या तरी ऐकू येत होता. बाजरीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही ताईंनी डब्यात घेतलं होतं. या गावात बाहेर खाण्यापेक्षा हा डबा बरा, आणि कडक भाकरी चार दिवस टिकते, येताना नक्की आणा. होटगीला रेल्वेचं फाटक लागलं होतं. मालगाडी इतकी लांब होती की ताईंनी तेवढ्यात मला मल्लिनाथच्या घरची सगळी हकिकत सांगून टाकली.

दोघे भाऊ होते. थोरला सिद्राम, धाकटा मल्लिनाथ. सिद्राम काही हंगाम नाशिककडे वाइनच्या कारखान्यात कामाला होता. तिथून शिकून आला. यांच्या शेतात पायऱ्यांची जुनी दगडी विहीर आहे, बोअर झाल्यापासून कोरडी. उन्हाळ्यात सगळं शिवार तापतं, पण विहिरीच्या तळाशी गारवा असतो. सिद्रामने वर पत्रा घातला, तळाशी मातीचे मोठे रांजण निम्मे पुरले आणि तिथे रस आंबवायला सुरुवात केली. काही वर्षांपूर्वी त्याच विहिरीत तो गेला.

"पडला?"

"नाही. रस आंबताना जो वायू सुटतो तो हवेपेक्षा जड असतो. खड्ड्यात साचतो. वास नाही, रंग नाही. त्यात दिवा विझतो, माणूस गुदमरतो. सातवीत शिकवलं होतं मी मल्लिनाथला," ताई म्हणाल्या, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत मालगाडीकडे बघत राहिल्या.

मंद्रूपच्या पुढच्या त्या गावाचं नाव मी देणार नाही. का ते पुढे कळेलच. डांबरी संपते, मग मुरमाचा रस्ता, मग बेदाण्याच्या शेडचं हिरवं जाळं दिसतं. परवान्याची पाटी दारातच आहे, त्यामुळे कायद्याची काळजी करू नका. मल्लिनाथ चाळिशीचा, हडकुळा माणूस. ताईंच्या पाया पडला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "बाई, बरं झालं आलासा."

मग ओसरीतून भागीरथीबाई आल्या. सिद्रामची बायको. वाइन आता त्याच करतात. पन्नाशीच्या आत-बाहेर, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. कुंकवाकडे माझी नजर गेली ते त्यांना कळलं. "लोकं बोलत्यात," त्या म्हणाल्या. "बोलू देत. चला, ऊन चढायच्या आत जाऊ."

त्यांच्या हातात कंदील होता. भर सकाळी. कंदिलाच्या कडीला दोरी बांधली होती, आणि ती त्यांनी इतकी लांब सोडली होती की कंदील त्यांच्या घोट्याशी लोंबत होता.

"दिवा खाली, मानूस वर," त्या म्हणाल्या. "ह्यांनी हातात धरला हुता, छातीशी. दिवा चांगला जळत हुता. मग वाकलं, रांजनात बघाया."

हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात पुढे 'पायरी निसरडी हाय, बघून' असंही म्हणाल्या.

विहिरीच्या तोंडाशी आम्ही चौघं उभे राहिलो. खालून गार वारा येत होता, म्हणजे वारा नाही, नुसता गारवा. आंबलेल्या फळाचा गोड वास. भागीरथीबाई वाकल्या, पदर सावरला, आणि शेजारच्या खोलीत कोणी असावं तशा आवाजात विचारलं,

"अवो, येऊ का?"

मला बिरूदादा आठवले. मी ओठ घट्ट मिटले. मल्लिनाथ जमिनीकडे बघत होता. ताई, ज्यांना आयुष्यात कशाची भीती वाटलेली मी पाहिली नाही, त्यांनी माझा दंड धरला होता. आवाज खाली गेला, भिंतींना लागला आणि बराच वेळ परत आला नाही. मग आला, पण इतका बारीक, की तो भागीरथीबाईंचा आहे असं मी सांगू शकले नसते.

त्यांनी कंदील पहिल्या पायरीवर टेकवला. ज्योत स्थिर. दुसऱ्या पायरीवर. स्थिर. "व्हय म्हनत्यात," त्या म्हणाल्या आणि उतरू लागल्या.

खाली जाताना मला भीती वाटली, ते सरळ सांगते. रस्त्यावरच्या ट्रकची नाही, विंचवाची नाही, नाव नसलेली भीती. तळाशी रांजण ओळीने पुरलेले होते, तोंडावर मातीने लिंपलेली झाकणं. द्राक्षं बेदाण्याच्या जाळीवर अर्धी सुकवायची, अर्धी, पूर्ण नाही, आणि मग चिरडायची, अशी सिद्रामची पद्धत. त्यामुळे रस थोडा निघतो, पण दाट. आता आंबण्याचं काम संपलं होतं, रस निवळत होता. "आता वायू न्हाय, आंबायचं गेल्या म्हयन्यातच थांबलं," मल्लिनाथ वरून म्हणाला. ताईंनी तरी रांजणांवर वाकायला मला मनाई केली.

पहिला घोट मी स्टीलच्या पेल्यातून घेतला. रंग जुन्या मधाचा. आधी खजूर, मग काहीतरी धुरकट, आणि अगदी शेवटी जिभेवर खारटपणा, डोळ्यातलं पाणी ओठावर आलं तर लागतो तेवढाच. इतकी वर्षं वाइनबद्दल लिहिते आहे, पण अशी वाइन मी कुठेच प्यायलेली नाही.

"छान आहे" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात भागीरथीबाईंनी बोट ओठावर ठेवलं.

"हितं जास्ती बोलू नका, ताई. त्यास्नी मग कोन आलंय ते कळत न्हाय."

वर आल्यावर ऊन अंगावर पडलं, तरी मी कितीतरी वेळ दंड चोळत होते. ओसरीत चहा झाला. भागीरथीबाईंनी स्वतःहूनच सांगितलं. त्या दिवशी सिद्राम जेवायला वर आला नाही, म्हणून त्या विहिरीशी गेल्या. खाली अंधार. त्यांनी विचारलं, अवो, येऊ का? आणि खालून उत्तर आलं.

"काय आलं?" ताईंनी विचारलं.

"न्हाय, येऊ नगंस." भागीरथीबाईंनी बशीतला चहा फुंकला. "म्हनून मी गेले न्हाय. गेले असते तर मीबी तितंच पडले असते. डाक्टर म्हनले की मालक कवाच गेलं हुतं, बोलनार कसं. पर मी आयकलं."

सुनंदाताईंनी आपली बशी खाली ठेवली.

निघताना मल्लिनाथ गाडीपर्यंत आला. बेदाण्याच्या शेडआड गेल्यावर थांबला आणि ताईंना म्हणाला, "बाई, एक अडचन हाय. हिरीत मुरूम टाकून बुजवायची म्हनतोय मी. शेडमधी स्टीलची टाकी आनून ठिवलीय. पर वैनी ऐकत न्हाईत."

"वाइन टाकीत तशी होईल का?" मी विचारलं. मला माझ्या वाइनची पडली होती, हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

"वाइनचं काय, ताई." त्याने चेहरा पुसला. "औंदा फेब्रुवारीत, रस आंबत हुता, दिवा पाचव्या पायरीवर विझला. वैनी तरी उतरल्या. मी केस धरून वर वढलं. का म्हनलं, तर म्हनत्यात, न्हाय म्हनलं त्यांनी, पर आवाज रागाचा न्हवता. आता पुढल्या साली मी तितं नसलो तर?"

त्याने शेडच्या जाळीला हात टेकला.

"माझं ऐकायच्या न्हाईत. सिद्रामअण्णानं सांगितलं तरच ऐकतील. म्हनून मी ठरवलंय. उद्या सकाळी कंदिलाच्या वातीला पाणी लावनार. पैल्याच पायरीवर विझला पायजे. तुमी काय बोलू नका, एवढंच."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं रागावतील. "नीट लाव," त्या म्हणाल्या. "थोडं लावलंस तर नुसता तडतडेल."

तिसरा दिवस: बाटल्या

सकाळी आम्ही बाटल्या घ्यायला पुन्हा गेलो. एक रांजण उपसून बाटल्या भरायच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर आम्हाला दोघींना घरी बसवलंही नसतं. रस्ताभर ताईंनी रेडिओ लावू दिला नाही.

भागीरथीबाईंनी अंघोळ करून नवं लुगडं नेसलं होतं. कंदिलाची काच राखेने लख्ख पुसलेली. रॉकेल आता सहज मिळत नाही, कुठून कुठून आणावं लागतं, असं सांगत त्यांनी आमच्यासमोर कंदील भरला, वात पेटवली, काच खाली केली. ज्योत सरळ उभी राहिली. मी मल्लिनाथकडे बघितलं. तो पाइप गुंडाळत होता, त्याने मान वर केली नाही. पाणी कमी लावलं बहुतेक, असं माझ्या मनात आलं.

विहिरीशी पोहोचेपर्यंत कंदील चांगला जळत होता. वारा बिलकूल नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं.

"अवो, येऊ का?"

आम्ही थांबलो. त्यांनी कंदील पहिल्या पायरीवर टेकवला. ही पायरी उघड्यावर आहे, पत्र्याच्याही अलीकडे, तिच्यावर ऊन पडलेलं होतं.

दिवा गेला.

तडतडला नाही, धूर झाला नाही. ज्योत लहान होत होत वातीत उतरली आणि दिसेनाशी झाली. भागीरथीबाईंनी काच वर केली, काडी ओढली, वात पेटली. पुन्हा हाक मारली, पुन्हा कंदील टेकवला. पुन्हा तसंच. ज्योत खाली उतरली.

तिसऱ्यांदा त्यांनी काडी ओढलीच नाही. पायरीवर बसल्या आणि खाली बघत राहिल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. इतकी शांतता होती की दूर कुठे तरी चालू असलेला बोअरचा पंप ऐकू येत होता.

"बरं," त्या खाली बघून म्हणाल्या. "मग मी येत न्हाय आता."

मग उठल्या, मल्लिनाथला म्हणाल्या, "तूबी उतरू नगंस. पाइप वरनंच सोड. समद्या रांजनांचा रस वर आला की मुरूम आन." त्यांनी कंदिलाची लांब दोरी सोडवली, तिची गुंडाळी केली आणि कमरेला खोचली. मला रडू आलं. बाईला तिच्या नवऱ्यानं पुन्हा 'येऊ नगंस' म्हटलं होतं, आणि ते एका वातीवरच्या पाण्याने, आणि आम्ही तिघं त्यात सामील होतो. चांगल्यासाठीच केलं होतं म्हणा.

कंदील मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. ताई मागोमाग आल्या. त्यांनी काच वर केली, वातीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. मग चुलीजवळची काडेपेटी घेऊन दिवा लावला. वातीने पटकन ज्योत धरली आणि ती सरळ उभी राहिली, काल जशी होती तशी. ताई तिच्याकडे बघत राहिल्या, दूध उतू जाईल की काय अशी नजर ठेवून. ज्योत हललीसुद्धा नाही.

बाटल्या भरून झाल्या. एका बाटलीची किंमत पुण्यातल्या बऱ्या हॉटेलात एका पेल्याला मोजता तेवढीच आहे, म्हणून मी डिकी भरून घेतली. मल्लिनाथ गाडीत खोकी लावत होता, तेव्हा मी हळूच म्हटलं, "जमलं तुम्हाला. पण वाईट वाटलं हो बघून."

तो खोकं धरून तसाच उभा राहिला.

"मी न्हाय केलं, ताई."

"म्हणजे?"

"सकाळी वैनी अंघोळीला गेल्यावर कंदील घेतला. वाटीत पानी घेतलं. पर हात उचलंना. अण्णाच्या नावानं खोटं कसं बोलू? तसाच ठिवला परत. मी वातीला हातबी लावला न्हाय."

ताईंनी गाडीचं दार उघडलं होतं, ते त्यांनी पुन्हा लावून घेतलं. ओसरीवर भागीरथीबाई द्राक्षाच्या काड्या वेचत बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला हात केला.

होटगीच्या फाटकाशी पुन्हा थांबावं लागलं. या वेळी गाडी यायचं नाव नव्हतं, फाटक नुसतंच बंद होतं. "कंदिलाची वात वर-खाली करायची चावी सैल असेल," ताई म्हणाल्या. "टेकवला की धक्क्याने वात खाली सरकते." बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पण मग स्वयंपाकघरात ओट्यावर टेकवला तेव्हा का नाही सरकली?" आणि फाटक उघडल्यावर म्हणाल्या, "मला माहीत नाही, नीला." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

घरी

आता तुम्हाला कळलं असेल मी पत्ता का देत नाही. मल्लिनाथची इच्छा होती की मी लिहावं, चार गिऱ्हाइकं यावीत. भागीरथीबाई म्हणाल्या होत्या, वाइनचं लिवा, वाट नगं. मी दोघांचं अर्धं अर्धं ऐकलं आहे. ज्यांना खरोखर बाटली हवी आहे त्यांनी मला कळवा, मी मल्लिनाथला सांगेन, तो एसटीने पाठवतो. विहीर बघायला म्हणून जाऊ नका, आता बघण्यासारखं तिथे काही नाही. बिरूदादांकडे मात्र जा, डाळिंबासाठी आणि भाकरीसाठी.

विहीर महिन्याभरात बुजवली. टाकीतला नवा रस पुढच्या हंगामात होईल, तो तसा खारट लागेल की नाही, मला शंका आहे. माझ्या डिकीतल्या बाटल्या माळ्यावर आहेत. दोन फोडल्या. नवऱ्याला आवडली. मी त्याला दिव्याचं सांगितलं, तर हसला, आणि मग थोड्या वेळाने माळ्यावरचा बल्ब बदलून आला, जो चांगला चालत होता.

मला या प्रवासातून काय उरलं, तर भीती उरली, आणि एक गोष्ट मानावी लागते. भागीरथीबाई आज जिवंत आहेत. तो दिवा कशाने का गेला असेना, पाण्याने गेला असता तरी मी खूश झाले असते. कारणाशिवायच गेला, तेव्हा मला आणखी खूश व्हायला हवं होतं. ते काही होत नाही.

मागच्या आठवड्यात मी पुढच्या हंगामाच्या बाटल्या सांगून ठेवायला फोन केला. मल्लिनाथ शेतात होता. फोन भागीरथीबाईंनी घेतला. बरं चाललंय म्हणाल्या. मुरूम चांगला दबलाय, त्यावर गुलबक्षी लावलीय म्हणाल्या. राहवलं नाही म्हणून मी विचारलं, आता हाक मारता की नाही?

"न्हाय," त्या म्हणाल्या. "आता मी न्हाय मारत. आता तेच इचारत्यात."

"काय विचारतात?"

"येऊ का, म्हनत्यात."

माझ्या हातातला फोन मी दुसऱ्या कानाला लावला. "मग तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हननार, ताई. दिवा लावून उंबऱ्यावर ठिवते."

"जळत राहतो का दिवा?"

"राहतोय की," त्या म्हणाल्या, आणि चहा उकळतोय म्हणून त्यांनी फोन ठेवला.